फोडणीपुरता कढीपत्ता

या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पत्र लिहिणाऱ्या बाई राज्यातल्या एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात सहयोगी प्राध्यापक आहेत. वय ४३. वडील एसटीत कंडक्टर होते, घरातल्या पहिल्या पदवीधर ह्याच. विभागात एमबीएच्या ६० जागा. शिक्षकांची मंजूर पदं ८, त्यातली भरलेली ४. बाकीचे तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. कायम चौघांत बाई एकटी, आणि मागासवर्गीयही त्याच एकट्या. गेल्या महिन्यात संचालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'विविधता आणि समावेशन समिती काढतोय, अध्यक्ष तुम्ही व्हा. तुमच्याइतकं योग्य दुसरं कोण आहे?' रँकिंगची माहिती भरायची तारीख तोंडावर आली आहे. त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये संख्याशास्त्र शिकवणारे एक सर चहा ढवळत म्हणाले, 'प्रवेश असेच होत राहिले तर दर्जा कुठे राहणार?' मग बाईंकडे बघून, 'तुमच्याबद्दल नाही हं मॅडम.'

वर्गातही दोन वर्ग पडले आहेत. इंजिनीअरिंग करून आलेली, इंग्रजी माध्यमातली मुलं पुढे. तालुक्याच्या कॉलेजातून बीए-बीकॉम करून आलेली मागे. 'आपापले गट करा' म्हटलं की दहा मिनिटांत वर्ग उभा फाटतो. मध्यंतरी बाईंनी मुंबईच्या डबेवाल्यांची केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी लिहिलेलं खऱ्या धंद्याचं उदाहरण, घेतली. पाऊण तास पुढचे बाक 'सिक्स सिग्मा, सिक्स सिग्मा' (म्हणजे जवळपास एकही चूक नाही) करत राहिले. तास संपल्यावर खेड तालुक्यातल्या एका मुलाने त्यांना जिन्यात गाठलं. 'मॅडम, माझे मामा चर्चगेटला डबे टाकतात. पावसात लोकल बंद पडली की ते काय करतात, ते कुणी विचारलंच नाही.' 'मग वर्गात का नाही बोललास?' त्यावर तो नुसता हसला आणि जिना उतरून गेला.

बाईंचा नवरा म्हणतो, कॅसची (शिक्षकांच्या बढतीच्या योजनेची) फाइल विद्यापीठात आहे, प्रमोशन होईपर्यंत नसत्या भानगडीत पडू नकोस. बाईंना स्वतःला वाटतं की पद घेतलं तर आपला कढीपत्ता होईल, फोडणीला घेतील आणि ताटात बाजूला काढतील. त्यापेक्षा पद नाकारून मागच्या बाकांसाठी दर शनिवारी स्पोकन इंग्लिशचा वर्ग काढावा. काय करू, असं त्यांनी विचारलं आहे. आणि सहीखाली एक ओळ वाढवली आहे: 'मी स्वतः खुल्या जागेवर निवडले गेले आहे, हे सांगायला हवं.'

*

ताई,

सहीखालच्या त्या ओळीपासूनच सुरुवात करते. का सांगायला हवं? मी तर विचारलं नव्हतं, आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाशी तिचा काही संबंधही नाही. मला वाटतं ती ओळ तुम्ही माझ्यासाठी लिहिलेलीच नाही, ती चहा ढवळणाऱ्या सरांसाठी आहे. 'तुमच्याबद्दल नाही हं' म्हणून त्यांनी दार किलकिलं केलं आणि नकळत तुम्ही त्यातून आत शिरलात. रागावू नका. अशा वाक्यांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं चहा प्यायल्यावर कुणीही आपली पावती खिशात घेऊनच फिरेल. पण उद्या राखीव जागेवर नेमणूक होऊन एखादी तरुण मुलगी तुमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसेल. तिच्या खिशात ती पावती नसेल. त्या दिवशी तेच सर तेच वाक्य तिच्यासमोर म्हणाले, तर तुम्ही कुणाच्या बाजूने बसलेल्या असाल? समिती घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी याचं उत्तर स्वतःला देऊन ठेवा.

आता सरांचा दर्जा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. सीईटीचा कटऑफ प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळा लागतो, हे कॅप राउंडची (केंद्रीभूत प्रवेश फेरीची) यादी पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसतं, आणि ते झाकायला गेलेली समिती पहिल्याच बैठकीत तोंडघशी पडते. पण सर आत येतानाचा आकडा सांगतात आणि थांबतात. दोन वर्षांनी बाहेर पडताना काय झालं, ते सांगत नाहीत. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न भारतीय रेल्वेला लावून पाहिला. १९८० ते २००२ या काळातली माहिती घेतली, राखीव जागांवरून आलेल्यांचं प्रमाण वाढलं तिथे कामाची उत्पादकता घटली का ते तपासलं. घटल्याचा पुरावा मिळाला नाही. वरच्या श्रेणींत तर उलट थोडी चांगलीच दिशा दिसली. २०१४ साली तो निबंध छापून आला. रेल्वे म्हणजे एमबीएचा वर्ग नव्हे, हे कबूल. पण रेल्वेची मोजणी होऊ शकते तर ६० मुलांच्या विभागाची का होऊ नये?

म्हणून माझी पहिली सूचना तुम्हाला विचित्र वाटेल. समिती घेतलीत तर सरांना तिच्यात घ्या. मागच्या पाच बॅचची माहिती त्यांच्या हातात द्या: प्रवेशाचे पर्सेंटाइल, चारही सत्रांचे गुण, पदवी कुठल्या शाखेची, शाळा कुठल्या माध्यमाची, मुलगा की मुलगी. नावं आणि जाती काढून टाकून, फक्त क्रमांक ठेवून. संख्याशास्त्राचा माणूस आकडे नाकारत नाही, आणि स्वतः काढलेले तर मुळीच नाही. जे निघेल ते विभागापुढे ठेवा. एखाद्या विषयात मागच्या बाकांवरची मुलं खरंच पडत असतील, तर तो विषय कसा शिकवला जातो यावर बोलता येईल, आणि तेवढ्यानेसुद्धा स्टाफरूममधलं वाक्य बदलेल.

संचालकांना विविधता एकाएकी का आठवली, ते तुम्हीच लिहिलं आहे. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगची, यादी २०१६ पासून लागते आणि तिच्यात समावेशकतेला १० टक्के वजन आहे. त्या रकान्यांत जरा डोकावून बघा, करमणूक होते. विद्यार्थिनी निम्म्या असाव्यात अशी अपेक्षा ठेवली आहे, शिक्षिका मात्र २० टक्के भरल्या तरी पूर्ण गुण. म्हणजे विभागापुरतं मोजलं तर चौघांत एक, २५ टक्के, तुम्ही एकटीने पैकीच्या पैकी मिळवून दिलेत! (त्या चौघांच्या बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं, हे मी विचारत नाही. मला उत्तर माहीत आहे.) प्रादेशिक विविधतेसाठी परराज्यातली आणि परदेशातली मुलं मोजतात. त्यामुळे बेळगावहून कोल्हापूरला आलेला मुलगा 'विविध' ठरतो, आणि गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून अख्खा महाराष्ट्र ओलांडून आलेली मुलगी ठरत नाही.

तरीही या रकान्यांना नाकं मुरडत बसू नका. संचालकांना ते भरायचे आहेत आणि त्यासाठी तुमचं नाव हवं आहे. तुमच्या हातातलं नाणं हेच. माहिती एकदा अपलोड झाली की त्याची किंमत उतरते. गरज सरो नि वैद्य मरो. तेव्हा काय मागायचं ते तारखेच्या आधी मागा.

काय मागायचं? लेखी आदेश, त्यात मुदत एक वर्ष. आठवड्याचा कार्यभार दोन तासांनी कमी. प्रवेश, निकाल आणि प्लेसमेंट या तिन्हींची माहिती पाहण्याचा अधिकार. हा नसेल तर बाकी सगळे कागदी घोडे. सदस्य निवडताना तुमचा शब्द, आणि त्यात दोन विद्यार्थी, एक तासिका तत्त्वावरचा शिक्षक. वर्षाअखेरचा अहवाल विभागाच्या बैठकीत वाचला जाईल आणि अभ्यास मंडळापुढे जाईल, असं आदेशातच लिहून घ्या. यजमानांच्या काळजीवरही हाच उतारा आहे. लेखी आदेश असलेली प्रशासकीय जबाबदारी कॅसच्या मूल्यमापनात दाखवता येते. तोंडी सांगितलेलं काम तेवढं फुकट जातं, आणि बायकांकडे कामं बहुधा तोंडीच येतात.

संचालक 'एवढं कशाला, फक्त नावापुरतं आहे हो' म्हणाले, तर उत्तर तुम्हाला मिळालंच. मग नम्रपणे नाही म्हणा आणि निवांत झोपा. नाही म्हणणारी बाई समाजाशी द्रोह करते असं कुणी सुचवलं, तर तेच काम त्याला देऊ करा.

आणि आडनावामुळे निवड झाली असेल तर? झाली असेलही. आपल्याकडे निवडीमागे एकच एक कारण क्वचित असतं. संचालकांच्या मनात आडनाव असेल, रँकिंग असेल, आणि तुम्ही काम पुरं करता हेही असेल. त्यांच्या मनातलं धुऊन काढणं तुमच्या हाती नाही, आदेशातली कलमं आहेत.

आता शनिवारच्या वर्गाकडे येते, कारण खरं सांगायचं तर समितीपेक्षा माझा जीव तिथे जास्त अडकला आहे.

तुमची तळमळ कळते. पण फक्त मागच्या बाकांसाठी वर्ग काढलात की सोमवारी सगळ्या वर्गाला यादी कळते: हे ते शनिवारवाले. आणि त्या मुलाने जिन्यात तुम्हाला जे सांगितलं, ते इंग्रजी येत नसल्यामुळे वर्गात अडलं, असं तुम्ही गृहीत धरलंत. मला तसं वाटत नाही. 'माय अंकल इज अ डब्बावाला' एवढं वाक्य एमबीएला पोचलेल्या मुलाला येतंच. ते म्हणायची सोय तिथे नव्हती. समोरचे जण त्याच्या मामांबद्दल पाऊण तास बोलत होते आणि मामा हे त्यांच्या दृष्टीने उदाहरण होते, माणूस नव्हते. अशा वेळी 'तो माझा मामा' म्हणणं म्हणजे आपणही त्या स्लाइडवर जाऊन बसणं. तो हसून जिना उतरला, त्यात भाषेपेक्षा शहाणपण जास्त होतं.

ही केस पद्धत आपल्याकडे आली तीच मुळी बाहेरून. अहमदाबादची आयआयएम १९६१ साली हार्वर्डच्या मदतीने उभी राहिली, मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने. बाकीच्यांनी तोच साचा उचलला. साचा वाईट नाही, पण त्यात एक खोच आहे: जो पटकन बोलतो तो हुशार, आणि बोलण्याला गुण. मग पटकन बोलण्याची सवय ज्या घरांतून आणि शाळांतून लागते, तिथली मुलं पुढे. डबेवाल्यांचंच बघा. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतल्या माणसांनी शंभराहून अधिक वर्षं चालवलेली व्यवस्था; हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये तिच्यावर केस लिहिली; ती आपल्या विद्यापीठात परत आली, आणि खेडचा मुलगा तिच्यासमोर गप्प बसला. एवढा लांबचा फेरा मारून डबा बरोबर पत्त्यावर पोचला होता, पण घेणाऱ्याला हात पुढे करता आला नाही.

तेव्हा वर्गातली रीत बदला. त्यासाठी समितीही लागत नाही, संचालकही लागत नाहीत.

'आपापले गट करा' हे वाक्य पहिल्या दिवसापासून बंद. गट चिठ्ठ्या टाकून करा आणि दर केसला मोडा. गटातून कोण बोलणार, ते त्या दिवशी, तासाला, पुन्हा चिठ्ठी काढून ठरवा. ही दुसरी चिठ्ठी सोडू नका, तीच खरी आहे. मी शिकवत होते तेव्हा एक गट कायम पहिला यायचा. त्या गटात एका निमशहरी कॉलेजातली मुलगी होती. ताळेबंदाची सगळी एक्सेल ती रात्री जागून करायची, आणि सादरीकरणाला लॅपटॉपची कळ दाबायला उभी राहायची. 'मॅडम, स्लाइड्स तीच छान करते,' असं बाकीचे कौतुकाने सांगायचे. मलाही ते कौतुकच वाटलं, चांगलं वर्षभर. बोलणारा कोण हे आयत्या वेळी ठरायला लागलं, तेव्हा त्याच मुलांनी आदल्या रात्री तिला बोलायची तयारी करून दिली, आणि तिने त्यांना एक्सेल शिकवलं. कुणाच्या मनात एकाएकी समता जागी झाली म्हणून नव्हे. गुण जातील या भीतीने. भीती चांगल्या कामाला लागली तर मला चालते.

चर्चेआधी दहा मिनिटं सगळ्यांना लिहू द्या, हव्या त्या भाषेत. तुम्ही बाकांमधून फिरत वाचा. मग हात वर केलेल्यांना सोडून, 'तू हे लिहिलंस ना, सांग सगळ्यांना,' असं म्हणा. मराठीत सांगितलं तर दुसऱ्याने ते इंग्रजीत फळ्यावर मांडायचं. वर्गात ओडिशाची मुलगी असेल तर मधे हिंदी येईल, येऊ द्या. परीक्षा इंग्रजीतच आहे, नोकरीची मुलाखतही, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही, हे मला पुरतं मान्य आहे. पण विचार आधी बाहेर पडला की त्याला इंग्रजीचे कपडे घालता येतात. विचारच आत राहिला तर शनिवारी कपडे कुणाला घालणार?

शनिवारचा वर्ग काढायचाच तर सगळ्यांसाठी काढा आणि उलटंही शिकवा. पुढच्या बाकांवरच्या किती जणांना 'खेळतं भांडवल' मराठीत समजावून सांगता येईल? त्यांना बँकेने बीडच्या शाखेत टाकलं आणि समोर ऊसतोडीचा मुकादम येऊन बसला तर? मुकादमाने कारखान्याकडून किती उचल घेतली, ती पुढे टोळीतल्या कोयत्यांना (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांना) किती वाटली, कोयता पळून गेला की कोण बुडतं, हे त्या मागच्या बाकावरच्या मुलाने घरी जेवताना ऐकलेलं असतं. त्याला 'वर्किंग कॅपिटल' आणि 'काउंटरपार्टी रिस्क' एवढीच नावं शिकायची आहेत. पुढच्या बाकावरच्याला अख्खी गोष्ट शिकायची आहे. प्रत्येकाकडून दोन पानी केस लिहून घ्या, आपल्या आजूबाजूच्या एका धंद्यावर: कृषी सेवा केंद्राची उधारी, मेस, दूध संकलन, रिक्षा स्टँड, मामांची हातगाडी. पुढच्या वर्षी त्यातल्या चार शिकवा, लिहिणाऱ्याचं नाव घालून.

प्लेसमेंटबद्दल लिहिताना मला थोडं अवघड जातंय, कारण त्या टेबलाच्या पलीकडे मीच बसलेली आहे. शिकवायला लागण्याआधी अकरा वर्षं मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होते. कॅम्पसला जायचे. पहिला प्रश्न ठरलेला: 'टेल मी अबाउट युवर फॅमिली.' मुलांना मोकळं वाटावं म्हणून विचारतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. एका मुलाने सांगितलं, वडील नाहीत, आई मेसचे डबे करते, सकाळी पोळ्या लाटून मी कॉलेजला येतो. शेऱ्याच्या रकान्यात मी 'पॉलिश कमी' असं लिहिलं. बोलला तो नीटच होता. पुढे २००७ साली एका नियतकालिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा अभ्यास वाचला. त्यांनी मोठ्या कंपन्यांतल्या नोकरभरती करणाऱ्यांना विचारलं होतं, आणि जवळपास सगळे एका श्वासात 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' आणि दुसऱ्या श्वासात 'घरची पार्श्वभूमी महत्त्वाची' असं सांगत होते. त्या निबंधात माझं नाव नव्हतं इतकंच. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनीही एक प्रयोग मांडला होता: जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलून. आडनाव दलित किंवा मुस्लिम वाटलं की बोलावणं येण्याची शक्यता बरीच घटत होती. मुलाखतीपर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

समितीचं काम मला इथे सगळ्यात जास्त दिसतं. कंपनी येण्याआधी प्लेसमेंट कक्षाने निवडीचे निकष लेखी मागवावेत. दहावी, बारावी, पदवी तिन्हींत ६० टक्के, ही जी गाळणी कंपन्या सवयीने लावतात, ती का लावता, असं एकदा विचारावं. बारावीला घरचं कुणी गेलं, त्या वर्षी ५७ टक्के पडले, आणि एमबीएत वर्गात तिसरी आलेली मुलगी मुलाखतीच्या यादीतच नाही, असं तुम्हीही पाहिलं असेल. सगळ्या कंपन्या ऐकणार नाहीत. दोघींनी ऐकलं तरी दरवर्षी तीन-चार मुलं आत जातात. आणि शॉर्टलिस्ट कुणाची झाली, ऑफर कुणाला मिळाली, याची नोंद ठेवा. विभाग नेहमी फक्त सगळ्यात मोठ्या पॅकेजचा फलक लावतो.

शिक्षकांच्या बाबतीत समितीकडून फार अपेक्षा ठेवू नका. पद मंजूर, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला, याचा तक्ता) तपासून घ्या, जाहिरात काढा, ती रद्द होते, पुन्हा काढा. हे चक्र तुमच्या हातात नाही. छोट्या विभागात हा हिशोब किती नाजूक असतो ते केंद्रीय विद्यापीठांच्या उदाहरणावरून दिसलं. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरायला सांगितलं. त्या गणिताने चौथी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला, चौदावी अनुसूचित जमातीला. आठ पदांच्या विभागात चौदावी जागा येणार कधी? ओरड झाली, आणि २०१९ मध्ये कायदा करून पुन्हा विद्यापीठ हा घटक झाला.

पण तुमच्या स्वतःच्या हातात सहा जागा आहेत, त्यांचा तुम्ही पत्रात उल्लेखही केला नाही. सहयोगी प्राध्यापकाला एका वेळी सहा पीएचडी विद्यार्थी घेता येतात. उद्याचा शिक्षक तिथूनच येतो. त्या सहा जागांवर आज कोण आहे? मार्गदर्शक कसा निवडायचा, प्रस्ताव कसा लिहायचा, हे ज्यांना घरातून कुणी सांगत नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एक दुपार ठेवा आणि नोटीस तालुक्याच्या कॉलेजांनाही पाठवा. पाहुण्या वक्त्यांची आणि बाह्य परीक्षकांची यादीही बघा. ती कुणी मुद्दाम तशी केलेली नसते. फोनमध्ये ज्यांचे नंबर असतात त्यांची होते.

काही गोष्टींना चर्चाही लागत नाही. तुमचा विभाग कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का? २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा आहेत. त्या रिकाम्या राहत असतील तर जिना मोजा. जात पडताळणीच्या दाखल्यासाठी कुठली मुलं पहिले तीन आठवडे फेऱ्या मारत होती, याची यादी करा आणि त्यांचे बुडालेले तास भरून द्या. राज्याने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. महाडीबीटीचा अर्ज भरताना अडकलेली एक तरी मुलगी तुमच्या वर्गात असेल. खोली आणि मेस मात्र माफ नाही, तेही लक्षात असू द्या. आणि यूजीसीच्या २०१२ च्या नियमावलीत भेदभावाच्या तक्रारींसाठी वेगळा अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तुमच्या विद्यापीठात तो कोण, ते शोधून त्याचं नाव फलकावर लावा. नाव शोधायला किती दिवस लागले, हीसुद्धा अहवालातली एक नोंद होईल.

हे सदर वाचणाऱ्यांत जिन्यातल्या त्या मुलासारखेही कुणी असतील. तुम्हाला मी 'धीट व्हा' म्हणणार नाही, ते सांगणं सोपं असतं. पुढच्या तासाला शिक्षकांच्या हातात चार ओळी लिहून द्या, एवढंच करा. आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना कुणी समितीत 'सहकार्य करा' म्हणून बोलावलं, तर बैठकीच्या तासाचे पैसे धरणार का, ते आधी विचारा.

तर ताई, अटी लेखी मिळाल्या तर एक वर्षासाठी घ्या. वर्षाने पुन्हा ठरवा, आणि तेव्हा मला कळवा. पण त्याआधी एक काम या आठवड्यात करा. त्या मुलाला बोलावून, त्याची इच्छा असेल तर, मामांना वर्गात आणता येईल का विचारा. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मराठीत, तासभर. पावसाचा प्रश्न त्यानेच विचारावा. येण्या-जाण्याचं भाडं द्या, आणि पाहुण्या वक्त्याला विभाग जे मानधन देतो तेवढंच, त्याच छापील व्हाउचरवर, 'तज्ज्ञ व्याख्याता' या रकान्यात त्यांचं नाव घालून सही घ्या. लेखा विभाग पदवीची प्रत मागेल. ती लागणार नाही, असं पत्र संचालकांकडून आधीच लिहून घ्या.